जाऊबाईंची बॅटरी

धाकटी गोठा लोटत होती तेव्हा कुंपणापलीकडून थोरलीचा आवाज आला.

"अगं, ती बॅटरी तेवढी उद्या सकाळी दे बाई. ह्यांना उद्यापासून रस्त्याच्या कामावर रात्रीची राखण मिळालीय."

"देते की जाऊबाई. त्यात काय!" धाकटी म्हणाली आणि खराटा तसाच चालू ठेवला.

बॅटरी पितळी नळीची, तीन सेलांची, सासऱ्यांच्या वेळची. वाटणीत ती थोरल्या भावाकडे गेली आणि धाकट्याकडे रेडिओ आला. चार महिन्यांपूर्वी धाकटीची गाय विणार होती, त्या दिवशी थोरलीने आपणहून ती कुंपणावरून पुढे केली होती. "घे, अंधारात धडपडू नकोस. नवे कोरे सेल घातलेत हां, कालच आणलेले. जपून वापर," असंही म्हणाली होती. धाकटीला तेव्हा गहिवरूनच आलं होतं, कारण त्याआधी वर्षभर दोन घरांत धड बोलणं नव्हतं.

आणि नवे कोरे सेल म्हटल्यावर धाकटीने ती बॅटरी जपली, जपली म्हणजे किती? एकदाही बटण सरकवलं नाही. गाय व्यायली ती कंदिलाच्या उजेडात. दुसऱ्याच दिवशी ती परत द्यायला गेली, तर थोरली दारातूनच म्हणाली, "राहू दे गं तुझ्याकडे, आम्हाला कुठे रोज लागते." मग धाकटीने ती स्वच्छ धडप्यात गुंडाळून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. त्यानंतर पाऊस महिनाभर नको इतका कोसळला आणि तोंड फिरवून जो गेला तो गेलाच. त्या महिनाभरात कोनाड्यामागची भिंत ओल धरून होती, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

गोठा झाल्यावर हात धुऊन तिने कोनाड्यातून गुंडाळी काढली. धडपा सुटेना. बुडाच्या झाकणापाशी तो चिकटून कडक झाला होता. जोर लावून सोलला तर खाली पांढरीहिरवी खरपुडी, नळीच्या कडेने तांबूस चिकट ओघळ. बटण सरकवायला गेली, ते जागचं हललं नाही.

ती तशीच चुलीसमोर खाली बसली.

घाबरण्यासारखंच होतं. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने भावाचा औषध मारायचा पंप नेला आणि नळी फुटलेल्या अवस्थेत आणून ठेवला, वर काही बोललाही नाही. थोरला दीर मुळात शांत माणूस, पण त्या दिवशी चार लोकांत म्हणाला, "आमची वस्तू पुन्हा मोडून आली, तर आमच्या विहिरीकडे फिरकायचं नाही." आणि यंदा धाकटीच्या घरच्या विहिरीची एक बाजू त्या पावसात ढासळून आत बसली होती. तिची मिरचीची रोपं जगत होती ती दिराच्या विहिरीवर. दर चौथ्या दिवशी सकाळी दोन तास त्याचं इंजिन तिच्यासाठी चालायचं. उद्या तो चौथा दिवस होता. रोपं वीतभर झाली होती, फुलं धरू लागली होती आणि एक पाळी चुकली तर त्या उन्हात माना टाकणार हे सांगायला कुणी जाणकार नको होता.

नवरा पहाटेच दगड फोडायच्या कामावर गेला होता. बरंच झालं म्हणायचं. तो माणूस डोक्यात राख घालून घ्यायला एका पायावर तयार असायचा.

तिने बॅटरी टोपलीत घालून वर भाजी पसरली आणि गिरणीशेजारच्या रेडिओवाल्याकडे गेली. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोपटी. आत तो एकटा कसाबसा मावायचा, गिऱ्हाईक नेहमी उन्हात.

"भाजी घेत नाही मी," तो मान वर न करता म्हणाला.

"भाजी नाही हो. खाली बघा."

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बॅटरी उलटीसुलटी केली आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. "सेल फुटलेत हिच्यात. किती दिवस पडून होती?"

"चार महिने. पण सेल नवे कोरे होते."

"नवे?" तो तिच्याकडे बघून हसला. "बाई, नवा सेल चार महिन्यांत नाही फुटत. ज्याच्यात जीव उरलेला नसतो तो फुटतो. ठेवून जा. आठ दिवसांनी बघू."

"आठ दिवस कसले, उद्या सकाळी द्यायचीय. आणि इथे ठेवायची नाही. तुमच्या दुकानात काय आलंय ते संध्याकाळपर्यंत गावाला पाठ असतं."

"ते गिरणीवाल्यामुळे," रेडिओवाला म्हणाला, पण त्याला ते थोडं लागलं असावं. त्याने एक जुना चामडी पट्टा काढला, बुडाच्या झाकणाभोवती दोन वेढे दिले, नळी मांड्यांत धरली आणि चेहरा लाल होईपर्यंत पिळली. झाकण करकरलं आणि फिरलं. आतून उग्र वास आला. शेवटचा सेल फुगून नळीला असा घट्ट बसला होता की बोटाने ढकलून काही होईना.

"आता ऐक. दुसऱ्या बाजूने मुंडकं काढ, बल्ब आणि काच जपून बाजूला ठेव. मग नळीत मावेल असा दांडा घालून हळूहळू ठोकत सेल बाहेर काढ. घण घालू नकोस, पितळ आहे, पोचा पडेल. मग गरम पाण्यात खायचा सोडा. फसफसायचं थांबेपर्यंत घासायचं. हिरवं राहील त्याला लिंबू. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे सुकवायचं. उन्हात. घाई केलीस की पुन्हा हेच. तो रस हाताला लागू देऊ नकोस, डोळ्याला तर नाहीच."

"आणि एवढं करून नाही लागली तर?"

"तर माझं नाव सांगू नकोस." आणि घासकागदाचा एक तुकडा तिच्या टोपलीत भाजीवर टाकून तो पुन्हा रेडिओत शिरला.

घरी येऊन तिने दार लोटून घेतलं. लाटण्याचं टोक नळीत बसेना, खुरप्याची मूठ बसेना. शेवटी बाजेचा एक मोडका दांडा सापडला, तो विळीवर तासून बारीक केला. नळी दोन विटांवर उभी केली आणि वरून दगडाने टकटक सुरू केली. हलक्या हाताने ठोकायचं म्हणजे जोराने ठोकण्यापेक्षा अवघड. मनगट भरून आलं, मानेवरून घाम पाठीत उतरला. दर दहा ठोक्यांनी ती थांबून कुंपणाकडे कान द्यायची. पलीकडे थोरली धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला की धाकटीचा दगडही थांबायचा.

बऱ्याच वेळाने पहिला सेल विटांमधल्या फटीत पडला. मग दुसरा, तिसरा. तिने चिंधीने एकेक उचलून उजेडात धरला.

पहिल्या सेलाच्या अंगावर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. शेजारी शेजारी, एका मापाच्या. सात.

ती त्या रेघांकडे बघतच राहिली. गावात कमजोर झालेले सेल सगळेच उन्हात ठेवत. पत्र्यावर दुपारभर तापले की थोडी धुगधुगी येते, चार दिवस आणखी चालतात. पण कुठला सेल किती वेळा तापवला त्याचा हिशेब ठेवणारी गावात एकच बाई होती. प्रत्येक वेळी एक रेघ. "सातच्या पुढे गेला की टाकायचा," असं थोरलीनेच तिला एकदा पत्र्याखाली उभं राहून मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. दुसऱ्या सेलावर पाच रेघा होत्या. तिसऱ्याचं अंगच खाऊन गेलं होतं.

म्हणजे नवे कोरे सेल जाऊबाईंच्या पेटीत राहिले आणि धाकटीच्या हातात आले ते मेलेले. वर पुन्हा जपून वापर!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेल चिंधीत घेऊन ती उठली, दारापर्यंत गेलीसुद्धा. कुंपणावरून ते तिन्ही सेल सुपातल्या धान्यात टाकावेत आणि विचारावं, मोजा जाऊबाई, किती रेघा आहेत? पलीकडे सूप लयीत चाललं होतं. थोरली काहीतरी गुणगुणत होती.

दाराच्या कडीवर हात ठेवून धाकटी उभी राहिली. टाकले सेल, मग पुढे? थोरली म्हणणार, हे माझे नव्हेतच. दीर येणार, नवरा येणार, नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटणार. खरं कोण नि खोटं कोण याचा निवाडा होईपर्यंत रोपं वाळून कोळ होतील. खरेपणा हातात असून तो वापरता येऊ नये याचं तिला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती माघारी फिरली, परसात खड्डा खणला, सेल पुरले आणि वरून पायाने माती दाबली. जरा जास्तच दाबली.

मग पाणी तापवलं.

सोडा टाकल्यावर नळीच्या आत फसफस झाली, करड्या रंगाचा फेस वर आला. काडीला चिंधी गुंडाळून ती आतून घासत राहिली. पाणी तीनदा बदललं. बोटांच्या भेगांत झोंबायला लागलं तेव्हा रेडिओवाल्याचं सांगणं आठवलं आणि तिने हात धुऊन बोटांना तेल चोळलं. हिरव्या डागांवर लिंबाची फोड फिरवली तसं खालचं पिवळं पितळ दिसू लागलं. बटणाखाली एक पातळ पट्टी होती, नळीच्या आतून लांबवर गेलेली. तिच्यावरचा गंज घासकागदाने खरवडताना तिने श्वास धरला होता, कारण पट्टी जागोजाग कागदाएवढी झाली होती. ती टिकली. बटण दोनदा अडलं आणि मग टक् करून सरकलं. त्या आवाजाने तिला इतकं बरं वाटलं की तिने ते उगाचच पाचसहा वेळा सरकवलं.

झाकणातली स्प्रिंग मात्र हात लावताच तुटली. तीन तुकडे झाले, चौथ्याचा भुगा.

आता स्प्रिंग कुठून आणायची? तिने घरभर नजर फिरवली. कंदील, कुलूप, कात्री, शिवणाचा डबा. मग माळ्यावरचा उंदराचा सापळा आठवला. बिचारा दोन वर्षं उपाशीच होता, उंदीर त्याला ओळखून होते. पकडीने त्याची स्प्रिंग सोडवली, दोन्ही बाजूंचे पाय तोडले, घट्ट बसलेले वेढे पकडीने एकेक ओढून मोकळे केले. एकदा पकड निसटून तर्जनीचं कातडं निघालं. बोट तोंडात धरून तिने स्प्रिंग झाकणात बसवून पाहिली. वाकडी होती, पण बसली.

सगळे भाग तिने परसात दगडावर उन्हात मांडले आणि दुपारभर त्यांची राखण करत तिथेच भाजी निवडत बसली. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. रोपांचं काय होत असेल, हे मनात आलं की ती दुसरी जुडी ओढायची.

नवरा दिवेलागणीला आला. हातपाय धुऊन सवयीने रेडिओचं बटण फिरवलं. रेडिओ गप्प.

"याला काय झालं?"

"सेल काढलेत मी. जाऊबाईंच्या बॅटरीत घातले. उद्या द्यायचीय परत."

"आपले सेल? का? वहिनीने तर म्हणे नवे घातले होते."

"फुगले. ओल लागली."

"नवे सेल चार महिन्यांत फुगतात?" तो तिच्याकडे वळला. "कुठे आहेत? बघू."

"टाकले. घाण वास मारत होते." तिने ताटात भाकरी वाढली आणि मान वर केली नाही. "जेवा. उद्या पाण्याची पाळी आहे आपली."

पाण्याचं नाव निघाल्यावर त्याने ताट पुढे ओढलं. दगडाच्या धुळीने पांढऱ्या पडलेल्या पापण्या मिटून त्याने पहिला घास घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "बातम्या तरी ऐकल्या असत्या." तिने आणखी एक भाकरी वाढली, त्याच्या मनात नसताना.

सकाळी तो कामावर गेल्यावर ती बॅटरी घेऊन निघाली. थोरल्या घरची दोघं घरातच होती. दीर इंजिनात तेल ओतून आला होता, हात पुसत होता. थोरली चुलीपाशी. धाकटीच्या हातात बॅटरी दिसली तशी ती उठून उभी राहिली, आणि आपण का उठलो ते विसरल्यासारखी तिथेच थांबली.

"आण इकडे," दीर म्हणाला. त्याने बॅटरी हातात घेतली, पितळ बघून भुवया उडवल्या. "चकचकीत केलीस की! बाबांच्या वेळी अशी होती." कणगीमागच्या अंधारात त्याने झोत टाकला. पांढरा, सरळ, भक्कम उजेड. कोपऱ्यातली कोळ्याची जाळीसुद्धा मोजता आली असती. "वा! चार महिने वापरूनही बघ कसा लख्ख." मग बायकोकडे वळून, "तुझे ते नवे सेल चांगले निघाले हां."

चुलीवर दूध वर यायला लागलं होतं. थोरली तिकडे बघत नव्हती. ती सांडशी हातात धरून धाकटीच्या तोंडाकडे बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं. धाकटीच्या ओठांपर्यंत आलंही.

"हो दादा," ती म्हणाली. "जाऊबाईंनी नवेच दिले होते."

दूध उतू गेलं.

तासाभराने पाटातून पाणी धावत आलं. धाकटी पदर खोचून फावडं घेऊन वाफ्यांत उभी होती. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. सुकलेली माती पाणी पिताना बारीक आवाज करत होती. पाच वाफे झाले असतील नसतील, बांधावरून थोरली येताना दिसली. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. रिकाम्या हाताने ती बाई शेतात कधी यायची नाही.

"सेल कुठे टाकलेस?" थोरलीने आल्या आल्या विचारलं.

"पुरले."

"किती रेघा होत्या?"

"एकावर सात. एकावर पाच. तिसऱ्याच्या मोजता आल्या नाहीत, पार खाऊन गेला होता."

थोरलीने बांधावरचं गवत पायाने दाबलं. "मग ह्यांच्यासमोर बोलली का नाहीस?"

धाकटीने फावडं मातीत रोवलं. कालपासून दाबून धरलेलं आता तिला आवरेना. "बोलले असते तर आज पाणी दिलं असतंत?"

थोरली काही तरी सारवासारव करील असं तिला वाटलं होतं, आणि तिच्या प्रत्येक सारवासारवीला उत्तर तयार होतं. पण थोरलीने तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बघून म्हणाली, "नसतं दिलं."

धाकटीने रोवलेलं फावडं उपसून घेतलं.

"मला वाटलेलं, पहिल्याच दिवशी विझेल," थोरली म्हणाली. "तू येशील, कसले हे सेल म्हणून ओरडशील, मी चुकून दिले म्हणेन आणि बदलून देईन. तू आलीस ती परतच द्यायला. माझी हिंमत नाही झाली हातात घ्यायची. मग चार महिने रोज वाटायचं, हिला कळलंय आणि मुद्दाम मूग गिळून बसलीय. तुझ्याशी बोलताना जीभ जड व्हायची माझी."

"मला काल कळलं."

"काल? म्हणजे चार महिने तुला उजेड कमी वाटला नाही?"

"लावलीच कुठे मी?" धाकटी म्हणाली. राग अजून तसाच होता. "तुम्ही नवे सेल घालून दिले होतेत. उगाच कशाला जाळायचे? गाय व्यायली तीसुद्धा कंदिलावर. मी जपली ती बॅटरी, जाऊबाई."

थोरलीने हाताचा पंजा तोंडावर ठेवला. भरलेला वाफा वाहून पाणी बाजूच्या वाटेवर गेलं, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही. मग थोरली एकदम वळली आणि विहिरीच्या दिशेने मोठ्याने ओरडली, "अहो! ते सेल जुने होते!"

विहिरीपाशी दीर इंजिनावर वाकला होता. त्याने कानावर हात नेला.

"सेल! मी जुने घातले होते! नवे नाहीत!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काही कळेना. त्याने हातवारे केले, वैतागला आणि शेवटी वाकून इंजिन बंद केलं.

शेतावर एकाएकी शांतता पसरली. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या दोन बायांनी माना वर केल्या. पाटातलं पाणी हळूहळू बारीक होत गेलं आणि धाकटीच्या पायापाशी येऊन थांबलं. तिने फावड्याची मूठ घट्ट धरली.

थोरली घामाघूम झाली होती. आता ओरडायची गरज नव्हती, साध्या आवाजात बोललेलं चार शेतांना ऐकू गेलं असतं, आणि तिला ते दिसत होतं. तरी ती बोलली.

"मी तिला जुने सेल घालून दिले आणि नवे आहेत म्हणून सांगितलं. त्या सेलांनीच बॅटरी सडवली. आपली वस्तू तिने मोडली नाही. मी मोडली. हिने ती दुरुस्त करून आणली. आत आहेत ते सेल तिच्या घरचे आहेत."

दिराने दोघींकडे बघितलं. त्याने डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं.

मग त्याने हँडल उचललं आणि इंजिनाला घालून जोराने फिरवायला सुरुवात केली.